एका ग्रॅम बांगड्यातले साडेपाच परार्ध

१५५ मधून ४४ गेले की १११ उरतात. हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाचा रेणुभार १५५. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, वजन ४४, सुटून गेला की मागे राहतं ते हिस्टॅमिन. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात मोकळं हिस्टिडीन मुबलक असतं आणि ते खाऊन कुणाचं काही बिघडत नाही. हिस्टॅमिन मात्र पुरेसं पोटात गेलं, तर काही मिनिटांत किंवा फार तर तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरचे म्हणतात, याला मासळी बाधली. डॉक्टरही कित्येकदा माशांची ॲलर्जी असं लिहून मोकळे होतात. खरं तर त्या माणसात काही खोट नसते, त्या दिवशीच्या माशात असते. बर्फाविना पडून राहिलेल्या त्या माशात जिवाणूंनी ही वजाबाकी आधीच उरकलेली असते.

हीच वजाबाकी लायसीनवर झाली की कॅडॅव्हरीन, ऑर्निथीनवर झाली की प्युट्रेसीन, टायरोसीनवर झाली की टायरामीन. कॅडॅव्हरीन आणि प्युट्रेसीन बर्लिनच्या लुडविग ब्रीगर या डॉक्टरांनी १८८५ साली कुजणाऱ्या मांसातून वेगळी केली. या सगळ्या मंडळींना मिळून जैवजन्य अमाइन म्हणतात. अन्न किती उतरलं आहे याचा हिशेब त्यांच्याकडे असतो. तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा, तोही एखाद्या चमकणाऱ्या रंगाच्या मदतीने, असा उद्योग जगभरच्या प्रयोगशाळांत चालला आहे. त्यातले आकडे एका टोकाला इतके लहान आणि दुसऱ्या टोकाला इतके अफाट आहेत की मधल्या मधे आपली नेहमीची गणती पार कोलमडते.

युरोपीय संघाच्या नियमानुसार बांगड्याच्या जातकुळीतल्या माशांत हिस्टॅमिन सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर नको. अमेरिकेची मर्यादा याहूनही खालची. किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे दहा हजारांत एक भाग. ऐकायला किरकोळ वाटतं. आता रेणू मोजू. १११ ग्रॅम हिस्टॅमिनमध्ये ६ वर २३ शून्यं इतके रेणू असतात. त्या हिशेबाने मर्यादेवर नेमक्या टेकलेल्या बांगड्याच्या एकाच ग्रॅममध्ये, म्हणजे नखाएवढ्या तुकड्यात, ५४ वर १६ शून्यं इतके हिस्टॅमिनचे रेणू भरतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त दशमान स्थानांची जी नावं दिली आहेत, ती एक, दश, शत करत करत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य यांवरून अठराव्या स्थानी परार्धावर येऊन थांबतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपल्या एका ग्रॅमचा आकडा भरतो साडेपाच परार्धांच्या जरासा अलीकडे. म्हणजे भास्कराचार्यांची यादी जिथे संपते तिथे आपला बांगडा नुकता कायद्याच्या उंबऱ्याशी आलेला असतो.

आणि तरीही हे रेणू गर्दीत हरवलेले असतात. त्याच ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅम तर पाणीच आहे. हिस्टॅमिनच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ४६ हजार रेणू. तेही चाललं असतं, कारण पाणी दिसायला वागायला अगदी वेगळं. खरी अडचण सख्ख्या भावाची. कुप्यासारख्या माशात मोकळं हिस्टिडीन किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास असू शकतं, म्हणजे दर हिस्टॅमिनमागे सत्तरेक हिस्टिडीन उभे. दोघांच्या अंगावर तोच अमाइन गट, तीच पंचकोनी कडी. प्रोबने, म्हणजे शोध घेणाऱ्या त्या चमकणाऱ्या रंगाने, यांच्यातून नेमका एकच ओळखायचा.

हाच आकडा उलटा करून पाहिला की जास्त धडकी भरते. माशातलं सगळं हिस्टिडीन हिस्टॅमिन झालं, तर किलोमागे ७,२०० मिलिग्रॅम होईल, मर्यादेच्या ७२ पट. म्हणजे कोठारातला जेमतेम दीड टक्का माल उचलला तरी जिवाणूंनी मर्यादा गाठली. उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के अजून शिल्लक.

हे काम करणाऱ्यांमध्ये सर्वांत बदनाम जिवाणू मॉर्गनेला मॉर्गनी. एका जिवाणूचं वजन साधारण एक पिकोग्रॅम, ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाइतकं. माशाच्या एका ग्रॅममध्ये असे एक कोटी जिवाणू झाले असं धरू. त्या सगळ्यांचं मिळून वजन १० मायक्रोग्रॅम. पण त्या ग्रॅमला मर्यादेपर्यंत न्यायला १०० मायक्रोग्रॅम हिस्टॅमिन लागतं. थोडक्यात, प्रत्येकाने स्वतःच्या वजनाच्या दसपट माल तयार करायचा, माणशी पाच हजार चारशे कोटी रेणू. जिवाणूंना हे जड जात नाही. एन्झाइमचं काम एकाच रेणूवर अडून बसत नाही, एक उरकला की दुसरा. जिवाणू मेला तरी एन्झाइम काही काळ कामावर हजरच असतं.

एक कोटीवर पोचायला वेळ किती लागतो? ग्रॅममागे हजारापासून सुरुवात केली, तर साडेतेरा दुपटी पुरतात. उबेत दर अर्ध्या तासाला एक दुप्पट धरली, तर पावणेसात तास. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, खऱ्या माशात सुरुवातीला रेंगाळणं असतं. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शक सूचना या हिशेबाच्या फार लांब नाही: हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सियसच्या वर असेल, तर असा मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेलाच पाहिजे. कोकणच्या समुद्राचं पाणी वर्षातला बराच काळ या अंशाच्या आसपास घुटमळतं, म्हणून हा परदेशी आकडा आपल्या ट्रॉलरवरच्या खलाशांनाही परका नाही.

एकदा हिस्टॅमिन तयार झालं की त्याला परत फिरवता येत नाही. तळा, उकळा, गोठवा, डब्यात भरून तापवा, ते जागचं हलत नाही. १९७३ साली अमेरिकेत कारखान्यात डबाबंद केलेला ट्यूना खाऊन २३२ जण आजारी पडले. डब्यातले जिवाणू उष्णतेने केव्हाच खलास झाले होते, त्यांची कमाई मागे राहिली होती. सुदैवाने निरोगी आतड्यात हिस्टॅमिन फोडणारं एन्झाइम असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये असं मांडलं की एका जेवणात ५० मिलिग्रॅमपर्यंत निरोगी माणसाला बाधा दिसत नाही. २५० ग्रॅमचा भरपेट वाटा धरला, तर किलोमागे २०० मिलिग्रॅम. गंमत अशी की शुद्ध हिस्टॅमिन तोंडाने घेतलं तर तितकं भोवत नाही जितकं माशाबरोबर गेलेलं भोवतं. कॅडॅव्हरीन आणि प्युट्रेसीन त्या एन्झाइमला अडवून धरत असावीत, असा संशोधकांचा एक कयास आहे. म्हणजे एकट्या हिस्टॅमिनचा आकडा कळूनही भागत नाही, बरोबरचे साथीदारही मोजावे लागतात.

मग आपलं नाक कशासाठी आहे? नाकाचे आकडे तर यंत्रालाही लाजवणारे. समुद्री माशाचा ओळखीचा वास ट्रायमेथिलअमाइनचा. जपानमध्ये माणसांना हुंगायला लावून काढलेल्या मोजणीत त्याचा उंबरठा निघाला ०.००००३२ भाग दर दहा लाखांत. सोपं करून सांगायचं तर हवेच्या दहा हजार कोटी रेणूंमध्ये याचे तीन. साडेतीन मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच खोली याच्या वासाने भरायला तीन मायक्रोग्रॅमसुद्धा नकोत; मिठाचा बारीक कण त्याच्या वीसपट भरेल. त्याच मोजणीत अमोनियासाठी उंबरठा १.५ भाग आला, म्हणजे नाक ट्रायमेथिलअमाइनबाबत अमोनियापेक्षा सुमारे ४७ हजार पट तिखट. हे काम नाकातल्या टार-५ नावाच्या ग्राहीचं. आइसलँडमध्ये नऊ हजारांहून अधिक लोकांना वेगवेगळे वास हुंगायला देऊन केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या या ग्राहीच्या जनुकात बिघाड होता त्यांना कुजक्या माशाचा वास तितकासा त्रासदायक वाटत नव्हता, काहींना तर तो बटाट्यासारखा किंवा कॅरमेलसारखा वाटला.

पण या अद्भुत नाकाला हिस्टॅमिन दिसत नाही. त्याला वासच नाही. माशाच्या किंचित आम्ल मांसात त्यावर विद्युतभार चढलेला असतो, त्यामुळे ते पाण्यात घट्ट बसून राहतं, हवेत उडतच नाही. कोळणीकडे कल्ले उचलून लाली बघणारा, डोळ्याची चमक तपासणारा, बोटाने दाबून पाहणारा जाणकारही इथे हतबल आहे. कालवणात कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ पडला की आम्ल ट्रायमेथिलअमाइनलाही असाच भार चढवतं, वास विरतो, जेवणारा खूश. हिस्टॅमिन ताटात होतं तितकंच.

नाक जिथे संपतं तिथून प्रतिदीप्तीची, म्हणजे फ्लुओरेसन्सची, कामगिरी सुरू होते. एखादा रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश गिळतो, क्षणभर थरथरतो आणि थोडी ऊर्जा गमावून लांब तरंगलांबीचा प्रकाश परत सोडतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये याला नाव दिलं. गिळण्याचं काम सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात उरकतं, सोडायला काही नॅनोसेकंद. फ्लुओरेसीन या हिरव्या रंगाचा रेणू सुमारे चार नॅनोसेकंद थांबतो, तेवढ्यात प्रकाश सव्वा मीटरही पुढे जात नाही. एकच रेणू हे चक्र काही हजारांपासून लाखो वेळा फिरवतो आणि मग कायमचा विझतो. दुसऱ्या टोकाला आपला डोळा. हेख्त, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये न्यू यॉर्कला दाखवलं की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला चमक जाणवायला दृष्टिपटलावर ५ ते १४ फोटॉन शोषले गेले तरी पुरे. रंग मोजताना लख्ख उजेडातून थोडासा उजेड कमी झालेला शोधावा लागतो. प्रतिदीप्तीत अंधारावर उजेड शोधायचा असतो, म्हणून ती इतकी तीक्ष्ण. १९९० मध्ये तर एकट्या रेणूची प्रतिदीप्तीही टिपली गेली.

हिस्टॅमिनसाठी ही युक्ती जुनी आहे. १९५९ साली अमेरिकेत पार्कहर्स्ट शोर आणि सहकाऱ्यांनी ऑर्थो-थॅलाल्डिहाइड हा पदार्थ वापरला. स्वतः तो चमकत नाही, अल्कधर्मी द्रावणात हिस्टॅमिनला चिकटला की अतिनील प्रकाशाखाली निळा झळकतो. अमेरिकेतली अधिकृत तपासणी पुढे याच रसायनावर उभी राहिली. पण त्याआधी माशाचा अर्क काढायचा, तो आयन-विनिमयाच्या नळीतून गाळायचा, कारण ते सत्तर हिस्टिडीन दारातच उभे असतात. १९७२ मध्ये फ्लुओरेस्कामाइन आलं. ते प्राथमिक अमाइनशी सेकंदाच्या काही अंशात जोडलं जातं आणि उरलेलं पाण्यात विरून न चमकणारं होतं. धुण्याची कटकट संपली, पण तेही अमाइन-अमाइनमध्ये फार भेद करत नाही.

प्रोबच्या नव्या पिढीला दिशा मिळाली ती २००१ मध्ये. हाँगकाँगमध्ये बेन झाँग टांग यांच्या गटाला असे रेणू सापडले जे द्रावणात मंद असतात आणि एकमेकांना चिकटून गोळा झाले की पेटतात. नेहमीचे रंग नेमके उलटे वागतात, गर्दी झाली की विझतात. नव्या रेणूंना पाकळ्यांसारखे फिरणारे भाग असतात. मोकळे असताना मिळालेली ऊर्जा ते फिरण्यात उधळतात, दाटीत अडकले की ती प्रकाश होऊन बाहेर पडते. कागदावर घट्ट बसवलेला रंग चमकायचा असेल, तर हा स्वभाव वरदानच. टांग यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असाच एक रेणू गाळणकागदावर चढवला. त्याच्या अंगावर ॲसिटिल गटाची एक टोपी होती. अमाइनची वाफ आली की टोपी उडते आणि कागद अतिनील दिव्याखाली उजळतो. मला या सगळ्या कामात हेच सर्वांत देखणं वाटतं: जो पदार्थ शोधायचा, त्याच्याच हातून कुलूप उघडून घ्यायचं.

आता तीक्ष्णतेचा हिशेब. द्रावणात काम करणारे काही प्रोब नॅनोमोलरपर्यंत पोचतात. एका मिलिलिटरमध्ये ते सहा निखर्व रेणू झाले. मर्यादेवरच्या एक ग्रॅम माशात याच्या नऊ लाख पट रेणू आहेत. गरजेपेक्षा नऊ लाख पट बारीक नजर! शोधनिबंधांमध्ये याहून खालच्या मर्यादेची चढाओढ चालते आणि मला ती बरीचशी वायफळ वाटते. इतक्या नाजूक प्रोबला ताज्या फडफडीत माशातही अमाइन दिसणारच, कारण प्युट्रेसीन आणि त्याची भावंडं प्रत्येक जिवंत पेशीत असतातच. लहान आकडा जिंकून झाला आहे. हरतो आहोत ते मोठ्या आकड्यापुढे.

मोठा आकडा असा. वीस टन बांगड्याचा एक कंटेनर धरा, एक मासा १५० ग्रॅमचा. आत एक लाख तेहतीस हजार मासे. युरोपीय नियम एका खेपेतून नऊ नमुने मागतो. समजा शंभरातला एक मासा घातक आहे, म्हणजे कंटेनरमध्ये तेराशेहून अधिक. नऊच्या नऊ नमुने चांगले निघण्याची शक्यता ९१ टक्के. दहातला एक घातक असला तरी तो निसटण्याची शक्यता ३९ टक्के. शंभरातला एक पकडायची ९५ टक्के खात्री हवी, तर तीनशे मासे तपासावे लागतील, आणि तपासलेला मासा विकता येत नाही. त्यातून एकाच माशात सगळीकडे सारखं प्रमाण असतं असंही नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्पष्ट म्हणतं की एका तुकड्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम सापडलं, तर दुसरीकडे ५०० च्या वर असू शकतं. प्रयोगशाळेतलं यंत्र दहाव्या दशांशापर्यंत अचूक असेना का, त्याच्या पुढ्यात चुकीचा तुकडा आला की संपलं.

म्हणूनच प्रत्येक पाकिटावर चिकटवायच्या, अमाइन आलं की चमकणाऱ्या कागदी चकतीची कल्पना इतकी मोह घालते. भारतात २०२२-२३ मध्ये १७५ लाख टन मासळी निघाली. ती सगळी अर्ध्या किलोच्या पाकिटांत घातली असं निव्वळ गणितासाठी मानू, एरवी आपली निम्मीशिम्मी मासळी टोपलीतून पिशवीत जाते. पाकिटं होतील साडेतीन हजार कोटी. प्रत्येक चकतीवर एक मायक्रोग्रॅम रंग, म्हणजे रेणूंच्या भाषेत दीड अंत्याच्या घरात. तर अख्ख्या देशाच्या वर्षभराच्या मासळीला रंग किती लागेल? ३५ किलो. दोन माणसांनी उचलून रिक्षात टाकावं इतका. पण चकतीचा कागद, गोंद, छपाई मिळून एक रुपया पडला, तर खर्च साडेतीन हजार कोटी रुपये. रसायन फुकटात आहे, कागद महाग आहे.

चकतीचा दुसरा फायदा उलट्या चुकीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून, माणशी वर्षाला ७९ किलो. पाकिटावरची तारीख उलटली म्हणून टाकलेलं, वास न घेताच टाकलेलं असं त्यात बरंच. चकती तारखेऐवजी अन्नाची स्थिती सांगते.

पण झाकणाला चिकटलेल्या चकतीला फक्त वाफ कळते. ट्रायमेथिलअमाइन, अमोनिया यांची चाहूल ती छान घेईल, चिकन-कोळंबीच्या पाकिटाला ती उपयोगी पडेल. हिस्टॅमिन मात्र वर येतच नाही, आणि कुप्या-बांगड्यात ते बाकीचा कुजका वास सुटण्याआधीही साठू शकतं. म्हणजे जो मासा नाकाला फसवतो तोच चकतीलाही फसवण्याची भीती. त्याच्यासाठी मांसाला, रसाला भिडणारा आणि हिस्टिडीनला न भुलणारा प्रोब हवा. स्वस्त, एकेका माशाला लावता येईल असा प्रोब अजून बाजारात सर्रास दिसत नाही.

तोवर कामाचा आकडा उष्णतेचा आहे. एक किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १०८ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल गिळतो. म्हणजे हिशेबाने किलोला पाव किलोहून थोडा जास्त, ३२५ ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरे. होडीवरचं ऊन, पेटीच्या भिंती, बंदरावरची खोळंबलेली गाडी धरून उष्ण प्रदेशात किलोला किलो बर्फ घालायला सांगतात. मॉर्गनेला मॉर्गनी त्या थंडीत वाढत नाही. तिची मॉर्गनेला सायक्रोटॉलरन्स नावाची एक बहीण बर्फाच्या तापमानालाही वाढते, पण सावकाश. २००६ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं.